गाळलेली ओळ

मामांचा आवाज हा काही साधासुधा आवाज नव्हता. उभी हयात त्यांनी रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही ते दुकानात अंगाचा साबण अशा काही स्वरात मागत, की रांगेतली माणसं कुठे काय घडलं म्हणून वळून बघत. मामांना ते आवडायचंही. आवाजाच्या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत.

त्यामुळे भाचीच्या कॉम्प्युटरशी त्यांचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. भाची जन्मापासून आंधळी. पडद्यावर येईल ते मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम तिच्या मशीनमध्ये होता, आणि त्याचा वेग तिने इतका वाढवून ठेवला होता की दुसऱ्या कुणाच्या हाती त्यातला एक शब्द लागत नसे. मामा त्याला पोपट म्हणत. "अगं, दोन वाक्यांच्या मध्ये ऐकणाऱ्याला श्वास तरी घेऊ द्यावा," ते म्हणायचे. "हा तर फरशीवर डाळ सांडल्यासारखा बोलतो." भाची हसायची आणि वेग आणखी थोडा वाढवायची.

ताई, म्हणजे भाचीची आई, मोठ्या मुलीकडे राहायला गेली होती, म्हणून मामा सोबतीला आले होते. सोबत हवी असं भाचीने कुणाला सांगितलं नव्हतं, पण मामा आले म्हणजे आले.

त्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन तिच्या खोलीच्या दारात उभे राहिले, तर खोलीत चिडीचूप. "आज पोपट रुसला वाटतं?"

भाची टेबलाशी बसली होती. दोन्ही हात कीबोर्डवर, पण बोटं हलत नव्हती. ही बोटं अशी स्वस्थ पडलेली मामांनी कधी पाहिली नव्हती.

"रात्री आपोआप अपडेट आलं, मामा. त्यातच घोळ आहे. मशीन चालू होतं, पण बोलत नाही. दुसरा आवाज लावून बघितला, तोही मुका. आमच्या ग्रुपवर सकाळपासून नुसती रडारड चाललीये. सगळ्यांचंच झालंय."

"मग कंपनीला फोन लाव."

"लावला. दोन-तीन दिवसांत दुरुस्ती पाठवतो म्हणाले. गैरसोयीबद्दल दिलगीर आहेत."

दोन-तीन दिवस तिच्याकडे नव्हते. त्याच दुपारी तीनला तिची परीक्षा होती. दुसऱ्या शहरातली एक कंपनी, दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकून काढायचं काम, आणि जागा एकच. शेवटच्या फेरीत तिघं उरली होती. परीक्षा याच मशीनवर द्यायची, कारण तेच नोंदवलेलं होतं. तीनला ती हजर नसली तर जागा उरलेल्या दोघांपैकी एकाची.

मामा वाईट मनाचे नव्हते, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पण हे ऐकताना त्यांना जे वाटलं ते निव्वळ दुःख नव्हतं. त्यात थोडी सुटकाही होती. मागेच त्यांनी रेडिओतल्या एका जुन्या मित्राकडे शब्द टाकला होता. टेलिफोन ऑपरेटरची जागा होती. बसून काम, सगळी ओळखीची माणसं, घरापासून हाकेच्या अंतरावर. पोरगी अनोळखी गावात एकटी राहणार या विचाराने मामांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि योग्य वेळ बघून तिला हे सांगायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"म्हणजे आता इलाज नाही," मामा म्हणाले. शोकवार्तेचा सूर गळ्यात आपोआप आला.

"आहे ना. ते अपडेट उपटून काढायचं. पण त्यासाठी मशीनच्या पार तळाशी उतरावं लागतं, आणि तिथे कुठलाच आवाज चालत नाही. फोनच्या कॅमेऱ्याने वाचून घ्यायला बघितलं, तर तो अर्धं वाचतो आणि अर्धं खातो. डोळे लागतील." तिने शेजारची खुर्ची ओढली. "बस."

मामांनी चष्मा पुसला, खुर्ची सरळ केली आणि घसा खाकरला.

"मामा, बातम्या नाहीत. फक्त दिसतं ते सांग."

पडदा निळा झाला. मामांनी सुरुवात केली ती अशी, की खाली रस्त्यावर गर्दी जमावी. "कृपया... एक पर्याय... निवडा!"

"भावना नको, मामा. भराभर."

मामांना हे जरा लागलं, पण त्यांनी वेग वाढवला. भाची बाणांची बटणं दाबत गेली आणि ते वाचत गेले. थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की आपण वाचायच्या आतच हिला पुढचं ठाऊक असतं. "आता दोन रकाने दिसतील. उजवीकडच्यात वरून दुसरं." तसंच निघालं. "पुढचं पान काळं असेल, वर कोपऱ्यात एक छोटी रेघ लुकलुकत असेल." लुकलुकत होती.

"तू इथे नेहमी येतेस?"

"इथे? पहिल्यांदाच आलेय. कुणीतरी एकदा वर्णन करून ठेवलं होतं, ते ऐकलं होतं."

मामांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती समोरच्या भिंतीकडे चेहरा करून बसली होती, घरातल्या घरात वावरणाऱ्या माणसासारखी निवांत.

तिने काहीतरी टाइप केलं आणि काळ्या पडद्यावर यादी उतरली. मशीनमध्ये आजवर बसलेली सगळी अपडेट्स. प्रत्येक ओळीत हातभर लांब नाव, त्यात अक्षरं, आकडे, टिंबं, रेघा यांचा गोपाळकाला, आणि शेवटी तारीख. असला मजकूर मामांच्या हातात आयुष्यात कुणी दिला नव्हता. दिला असता तर त्यांनी तो तिथेच फाडला असता. पण ते वाचत राहिले. संपेपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"कालच्या तारखेचं हे एकच," ते म्हणाले. "थांब, कागद आणतो. उतरवून घेऊ."

"कशाला?" भाची म्हणाली, आणि टाइप करू लागली.

मामांनी पडद्यावर बोट ठेवलं. वर यादीतलं नाव, खाली तिच्या बोटांतून उतरणारं. अक्षर, अक्षर, आकडा, टिंब, पुन्हा आकडा. ते एकेक ताडून बघत गेले. तसल्याच ढीगभर नावांच्या गर्दीत एकदा ऐकलेलं ते नाव, एक टिंब इकडचं तिकडे न होता खाली उमटलं होतं. मामांना स्वतःचे दिवस आठवले. जन्मभर समोरच्या कागदावरून वाचलं, आणि स्टुडिओतून बाहेर आल्यावर कुणी पहिली बातमी कुठली होती विचारलं तर सांगता यायचं नाही.

"तुझं हे पाठ झालं?"

"पाठ कुठलं, मामा. आत्ताच नाही का वाचलंस?"

मशीन बंद होऊन पुन्हा चालू झालं. भाचीने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मशीन मुकं ते मुकंच.

या सगळ्या खटपटीत दोन वाजून गेले होते. तिचे खांदे उतरलेले मामांनी पाहिले आणि त्यांना वाटलं, हीच ती योग्य वेळ.

"असू दे, बाळा. हातपाय गाळू नकोस. तुझी एक सोय मी आधीच करून ठेवलीये." आणि त्यांनी सगळं सांगितलं. मित्र, ऑपरेटरची जागा, उद्या भेटायला जायचं, घरापासून किती जवळ. बोलता बोलता आवाजाला धार चढली. बातमी चांगली होती ना.

भाची ऐकून घेत होती. मग भलतंच विचारलं. "मामा, मघाशी यादीतल्या सगळ्या ओळी वाचल्यास?"

"वाचल्या की."

"सगळ्या?"

"आवश्यक तेवढ्या सगळ्या."

"आवश्यक म्हणजे?"

मामांच्या कपाळावर आठी उमटली. त्यांच्या वाचनावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती. "एक ओळ दोनदा आली होती. तेच नाव, तीच तारीख. टाइप करणाऱ्याचा हलगर्जीपणा, दुसरं काय! एकच बातमी दोनदा वाचायची नसते, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात."

"नावाच्या शेवटचे आकडेही तेच होते?"

शेवटच्या आकड्यांपर्यंत मामा गेलेच नव्हते.

"रात्री मशीन दोनदा बंद होऊन चालू झालं," भाची म्हणाली. "त्याचा आतला पंखा दोनदा घरघरला, मी झोपेत ऐकलंय. दोनदा, म्हणजे अपडेटही दोन. तू एकच वाचलंस. मला वाटलं, मलाच भास झाला असेल. कारण वाचणारा तू होतास."

आणि मग भाचीचा आवाज चढला. तो चढलेला त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"तू नेहमी गाळतोस! दीपगृहावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट आठवते? मी लहान होते, तू रोज वाचून दाखवायचास. त्याचा कुत्रा वादळातून पोहत परत येतो आणि म्हातारा त्याला टॉवेलने पुसतो. हा पोपट घरी आला ना, तेव्हा मी पहिलं पुस्तक तेच लावलं. मामा, तो कुत्रा परत येत नाही. टॉवेलही नाही त्यात. म्हातारा रोज दिवा लावतो आणि वाट बघतो, बस्स."

तो टॉवेल मामांचाच होता. एका संध्याकाळी पोरीचा चेहरा बघून त्यांनी तो जागच्या जागी रचला होता, आणि पुढे कायम ठेवला होता.

"तू इतकीशी होतीस गं."

"हो. तेव्हा बरोबरच केलंस." तिचा आवाज खाली आला. "मी खूप रडले. पण मला खरी गोष्ट जास्त आवडली. तुला कधी बोलले नाही, कारण तू इतक्या मायेने वाचली होतीस. पण आता माझ्यासाठी निवडू नकोस, मामा. आहे ते वाच. चुकीचं वाटलं तरी वाच."

इतकी वर्षं पोरीने आपलं मन राखलं आणि आपल्याला पत्ताही लागू दिला नाही! मामांचे डोळे भरून आले, पण डोळे भरायला आत्ता वेळ नव्हता, तेच एक कामाचे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चल. उतर खाली."

या वेळी त्यांनी वाचलं ते कुणी रेडिओवर ऐकलं असतं तर बटण फिरवून दुसरं स्टेशन लावलं असतं. "टिंब. आडवी रेघ. शून्य, शून्य. मोकळी जागा. मघाचंच नाव दिसतंय, पूर्ण वाचतो." आवाजात ना चढ ना उतार. कुठे जोर नाही, कुठे श्वास नाही. मघाशी गाळलेल्या ओळीतल्या नावाचे शेवटचे आकडे आले, ते वेगळेच होते. मामांनी ते एकेक करून सांगितले. भाचीने एकदाच ऐकलं आणि बोटं चालवली.

मशीन बंद झालं. चालू झालं.

आणि पोपट बोलला. काय बोलला ते देव जाणे. एक अखंड सरसर खोलीत सुटली, आणि तिच्यासोबत भाचीची बोटं सुटली. आवाज अर्ध्यावर असतानाच तिला सगळं कळलेलं असायचं, ती त्याला तिथेच तोडायची, पुढचं मागवायची, तेही तोडायची. खिडक्या उघडत होत्या, मिटत होत्या. मामांच्या डोळ्यांना पडदा दिसत होता, पण तिला गाठता येत नव्हतं. एक ओळ वाचून होते न होते तोवर ती दहा पानं पुढे गेलेली असायची. परीक्षेचं पान उघडलं, तिने तपासलं, आवाज तपासला, कॅमेरा तपासला, ग्रुपवर बाकीच्यांसाठी तोडगा लिहून टाकला, आणि तिच्या चेहऱ्यावर कसलीही घाई नव्हती.

आजवर मामांची समजूत होती की आपण सावकाश, स्पष्ट बोलतो म्हणून पोरीला सगळं नीट कळतं. आत्ता कळलं की इतकी वर्षं तीच त्यांच्यासाठी पावलं आखडती घेत होती, लहान मुलाचं बोट धरून चालणारं मोठं माणूस घेतं तशी. कधी कंटाळली नाही की कधी ओढलं नाही. आणि एकटी असताना ही अशी धावत होती, दार लावून, याच खोलीत, त्यांच्या नाकासमोर. हिला चार ओळखीच्या माणसांत फोन जोडायला बसवायचं! मामांना स्वतःची लाज वाटली, पण लाजेपेक्षाही मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं, आणि त्याला त्यांच्या एवढ्या मोठ्या शब्दसंग्रहात शब्द नव्हता.

बरोबर तीनला पडद्यावर एक बाई आल्या. "खोलीत आणखी कुणी आहे का?"

"माझे मामा आहेत," भाची म्हणाली. "बाहेर चाललेत."

मामा उठले. दार त्यांनी कडी वाजू न देता ओढून घेतलं. जिन्यात उभं राहून त्यांनी खिशातून फोन काढला, पण आपला आवाज भिंतींतून जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते सगळे जिने उतरून रस्त्याच्या कडेला गेले आणि तिथून मित्राला फोन लावला.

"ती जागा दुसऱ्या कुणाला तरी दे."

"अरे, मी वर शब्द देऊन बसलोय!" मित्र म्हणाला. "का, पास झाली का ती तिकडे?"

"परीक्षा आत्ता चालू आहे."

"मग निकाल तरी लागू दे! नापास झाली तर काय करणार?"

"ते ती ठरवेल."

"कमाल आहे तुझी. इतके दिवस तर तिला इथेच हवं आहे म्हणून माझ्या मागे लागला होतास."

"तिला मी विचारलंच नव्हतं," मामा म्हणाले.

"काय? जरा मोठ्याने बोल की, काही ऐकू येत नाही."

मामांनी ते पुन्हा सांगितलं.