बिनआवाजाची गाडी

बाबा गेल्यावर त्यांची गाडी माझ्याकडे आली, दोन्ही फुटक्या सायलेन्सरांसकट. संध्याकाळी मी गल्लीत वळलो की ती अशी बोंब ठोकायची, की शेजारी धडाधड खिडक्या लावून घेत. शेजाऱ्यांचं मला काही नव्हतं. आईचं होतं. तिला हल्ली फारसं काही आठवत नाही. आवाज ऐकला की ती केस सारखे करून दाराशी यायची, "आले हे!" म्हणायची, आणि दारात मी. तिचा चेहरा खर्रकन उतरायचा. मग विचारायची, "आपण कोण?" पोटच्या पोराला आपण!

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी पान्याला बोलावलं. हा माझा शाळेपासूनचा मित्र, वेल्डर. तेव्हाही दप्तरात पुस्तकांपेक्षा नट पिळायचे पाने जास्त, म्हणून पान्या.

"नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नकोस. तुझं लग्न व्हायचंय अजून," म्हणत त्याने स्टँड लावले.

आई आत झोपली होती. आम्ही गाडीखाली उताणे पडलो. नट इतके गंजलेले, की पाना लावला की नुसता भुगा तोंडावर. पुढचा सायलेन्सर करवतीने कापून काढला, नवा बसवला. मागचा ज्या रबरांवर लटकतो, ती हटून बसली होती. पान्याने त्यांना साबणाचं पाणी लावलं आणि मध्येच थांबला.

"मागचा राहू दे का रे? थोडा आवाज राहील. काकूंना तेवढाच..."

"नको!" मी खेकसलो. "घरी मी येतो, पान्या. मला कोणीतरी 'आलास का' म्हणायला नको?"

नवा सायलेन्सर त्याने माझ्याकडे सरकवला.

काम आटोपल्यावर मी एक चक्कर मारून आलो. गल्लीत कुणी मान वर करून पाहिलं नाही. आत गेलो तर आई खाटेवर उठून बसलेली. बराच वेळ तिने मला न्याहाळलं.

"आलास? अवतार बघ काय झालाय. हात धू आधी."

किती दिवसांनी ती मला रागावली होती.

मी मोरीकडे वळलो, तशी ती म्हणाली, "आज गाडी वाजली नाही."

"दुरुस्त केली आई."

"मग आता वाजायचीच नाही?"

"नाही."

ती चादरीची कड सारखी करत राहिली. "म्हणजे हे गेले ना रे?"

इतके दिवस मी "येतील हं" म्हणून वेळ मारून नेत होतो. पण आज ती माझी आई होऊन मला विचारत होती. थाप मारायला जीभ रेटेना.

"हो आई. गेले."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आई रडली ती त्या संध्याकाळी.