जानकीचं इंग्रजी गाऱ्हाणं

"आधी माझ्या मागून म्हण, मग एकटी म्हणशील," शेवंतीबाई सांगायच्या. देवबागच्या शाळेत मी तहानेला 'माका तान लागली' म्हटलं की शहरातून आलेली मुलं हसायची. मी बोलणंच सोडलं होतं. बाईंनी पदराची कड माझ्या मुठीत देऊन मला पुस्तकातली मराठी शिकवली. वारा सुटला की कौलांवर वाळू किरकिरायची, आणि आम्ही दोघी म्हणत असायचो.

आता निवृत्तीनंतर मी इंग्रजी शाळेतल्या दुसरीच्या मुलांना मदत करायला जाते. यंदा तिथे जानकी आली. घरी मालवणी, वर्गात फक्त इंग्रजी. एकदा 'लघवीला जाऊ का' एवढं तिला विचारता आलं नाही आणि फ्रॉक ओला झाला. तेव्हापासून ती शाळेत पाणीच पिईना. भरलेली बाटली भरलेलीच घरी जाई. दिवाळीनंतर तिला शाळेतून काढणार, असं तिची आई दीपिका मला सांगून गेली. "चेडू आजारी पडला तर इंग्रजी काय चाटूचा?"

मी चित्रांची कार्डं करून दिली. पाण्याचा पेला, संडासाचं दार. तिने ती दप्तरात तळाशी घातली. कार्ड दाखवायचं म्हणजे सगळ्यांनी बघायचं. एकटीला पुढे करायची चूक माझीच होती.

दसऱ्याला देवळात महादूकाका गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालत होते. त्यांच्या प्रत्येक मागण्याला लोक "व्हय म्हाराजा" म्हणत. माझ्या मागून एक खणखणीत आवाज आला. वळून पाहिलं, तर जानकी.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात गाऱ्हाणं सुरू केलं. एकाने इंग्रजीतून मागायचं, पाणी, सुट्टी, हरवलेला खोडरबर. बाकीच्यांनी "येस म्हाराजा" म्हणायचं. वर्गाच्या किशोरी मॅडम आधी हसल्या, मग सगळ्यांत मोठ्याने त्याच म्हणू लागल्या. तिसऱ्या दिवशी त्या गलक्यात जानकीचा 'येस' ऐकू आला. आठवड्याने ती माझ्या मागून पाणी मागू लागली, पुटपुटत.

काल शाळा सुटताना तिने माझा हात धरला. "उद्या मी एकट्यान म्हणतलंय. पण पयला येस तुमी म्हणतलास मां?"

"म्हणतलंय गो," मी म्हटलं.

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं, तर दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, संकष्टी. बावीस वर्षं मी संकष्टीला चंद्रोदयापर्यंत मौन पाळते, शाळेतही जात नाही. पण ही पोर मला शोधणार, आणि मी दिसले नाही तर पुन्हा तोंड मिटणार.

सकाळी गणपतीला दुर्वा वाहिल्या. हात जोडले. मग हळूच म्हटलं, "उपास पाळतंय रे बाबा. बोलूचा मात्र लागतला."

साडीला पिन लावली, चपला घातल्या आणि शाळेच्या वाटेला लागले.