लंबकला भरवणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. घड्याळजींचा. मित्रांनो, निखारे उचलणारे आणि भुवया कोरणारे चिमटे वेगळे. त्यांच्याशी आमचे जाणेयेणे नाही. माझी टोके सुईसारखी आहेत आणि तोराही तसाच होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मिरवण्यासारखे फारसे उरणार नाही.

पोलादाच्या पट्टीतून मला कापले, घासले आणि टोकाला टोक भिडते का, हे उजेडापुढे धरून पाहिले. मग चाळीस वर्षे मी एका घड्याळजी काकांच्या उजव्या हातात काढली. केसाएवढ्या स्प्रिंगा उचलल्या, पण एकही वाकवली नाही. त्या दुकानात एकच धर्म होता: धूळ म्हणजे घड्याळाचे मरण. कुठलाही भाग बसवण्याआधी काका रबरी फुग्याने त्यावर हवा मारत आणि मऊ कापडावर टिपत. गिऱ्हाइके म्हणत, "काका, तुमच्या हातचं घड्याळ बंद पडायला विसरतं." काका लाजत. मी लाजत नसे.

पुढे लोक फोनमध्ये वेळ पाहू लागले. दुकान मिटले. काका घरी बसले आणि मी ड्रॉवरमध्ये पडलो, सुकलेली पेने आणि कशाच्या ते कोणालाच न आठवणाऱ्या किल्ल्या यांच्या संगतीत.

मला बाहेर काढले ते काकांच्या नातीने. तिने एक शुगर ग्लायडर पाळला होता. मुठीत मावेल एवढा, उडत्या खारीसारखा जीव, तोंडापेक्षा डोळेच मोठे. हातापायांमधला कातडीचा पडदा पसरून तो कपाटावरून थेट खांद्यावर तरंगत येई. उलटा लटकून झुलायचा, म्हणून काकांनी त्याचे नाव लंबक ठेवले. फळे-भाज्या तो खाई, पण जीव सगळा अळ्यांवर. कोंड्याच्या डब्यात वळवळणाऱ्या त्या पिवळ्या अळ्या नातीला हातात धरवत नसत.

"आजोबा, तुमचा चिमटा द्या ना."

"चिमटा मिळेल, पण हात माझाच लागेल. तुझ्या हाती दिला तर उद्या त्याने नखं कोरशील."

कामाची वाटणी झाली. नात वाटीत चार अळ्या घ्यायची, त्यांवर कॅल्शियमची पांढरी पावडर भुरभुरायची आणि शिकवणीला जायची. दिवेलागणीला काका डोळ्याला भिंग लावत, मला उचलत, आणि...

मित्रांनो, इथे मला जरा थांबू द्या.

पहिल्याच दिवशी वाटीत पाहून काकांच्या कपाळाला आठी पडली. "काय ही धूळ!" त्यांनी फुगा घेतला. फुस्स. मग अळी कापडावर टिपली. नुकतीच तेलपाणी करून आणल्यासारखी ती लख्ख झाली, तेव्हा कुठे मी ती लंबकपुढे धरली. पावडरीचे नातीने सांगितले नाही, कारण ती दिसतच होती. काकांनी विचारले नाही, कारण त्यांनाही दिसतच होती. आणि मला काय वाटले सांगू? अभिमान. आपली चाळीस वर्षांची शिस्त वाया गेली नाही, असे वाटले.

पाच महिन्यांनी लंबक कपाटावरून झेपावला नाही. मागचे पाय फरफटत चालू लागला. नात आणि काका त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. सवयीने मी काकांच्या खिशात होतो.

"हाडं ठिसूळ झालीत. अळ्यांत कॅल्शियम नसल्यातच जमा. पावडर लावता ना?"

"रोज लावते," नात म्हणाली.

"रोज लावली असती तर ही वेळ आली नसती, बाळा. खरं सांग, कितीदा विसरतेस?"

"एकदाही नाही!"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिले: पावडर अनियमित. काकांनी खिशात मला घट्ट धरले. माझी टोके त्यांच्या तळव्यात रुतली. तरी ते गप्प. मीही गप्प, पण मला निदान तोंड नाही.

परतताना नातीने पिंजरा छातीशी धरला होता. "आजोबा, मी खरंच विसरत असेन का हो?"

काका थांबले. "नाही गं. तू लावायचीस. मी पुसायचो."

"काय?"

"मला ती धूळ वाटली."

ती हसली नाही. 'असू दे' म्हणाली नाही. "मग तिथे का नाही बोललात?"

"चल मागे," काका म्हणाले. "तिथेच सांगतो." आणि मांजरे, पोपट, त्यांचे मालक अशा भरल्या खोलीत, आवाज चढवून त्यांनी सांगितले. डॉक्टरीणबाईंनी आधी नातीची माफी मागितली, मग काकांना पावडर कशी लावायची ते दाखवले. काकांनी शिकाऊ पोरासारखे तीनदा विचारून घेतले.

आता फुगा ड्रॉवरमध्ये आहे. अळी पावडरीत नीट घोळवूनच मी उचलतो. माझी टोके पांढरी होतात आणि काका ती पुसत नाहीत. राहू दे तो डाग. मित्रांनो, कोणाची निगा राखाल तेव्हा आपल्या हाताला काय छान जमते, हे पाहू नका. त्या जिवाला काय लागते, ते आधी विचारा. आम्ही ते विचारलेच नाही. आम्ही फार स्वच्छ होतो.

लंबक थोडाफार सावरला आहे. तो कपाटावर चढतो, कडेशी येतो, खाली पाहतो, आणि उडी न मारता पायापायाने उतरतो. त्या वेळी काका डोळे मिटून घेतात. मला ती सोय नाही.