डोंगरावरच्या आजीला विचारून

दोनदा गॅस चालू ठेवून झोपल्यावर म्हातारी मालसुन एकदाची लेकीकडे देगू शहरात कायमची राहायला जायला तयार झाली. पण अट घालून. आधी तिला सगळं योंगदो बेट पर्यटकांसारखं हिंडवून आणायचं. सगळा जन्म बुसानच्या या बेटावर, गोदीत जहाजांचा गंज ठोकून काढण्यात गेलेला. हिंडणार कधी! एवढ्यावर भागतंय तर काय वाईट, असं लेकीला, ह्येरानला वाटलं.

सकाळी दोघी तेजोंगदेच्या कड्यावर गेल्या. दीपगृहाखाली उसळणारा समुद्र म्हातारीने बघितला न बघितला, आणि खडकावर शिंपले विकणाऱ्या बाईशी भावावरून हुज्जत घालत बसली. मग हिन्योउलच्या पांढऱ्या गल्ल्या. तिथे पोरंपोरी भिंतीला टेकून फोटो काढत होती.

"या भिंतीवर आम्ही तुमची दुपटी वाळत घालायचो!" आई खणखणीत ओरडली. गोदीच्या ठोकाठोकीने तिचे कान केव्हाच गेले होते.

"हळू बोल गं, आई!"

"हळूच बोलतेय की!"

ह्येरानला हसू आवरेना. अशी आई तिला कितीतरी वर्षांनी भेटत होती.

शेवटी बोंगनेसान डोंगर. या डोंगरावरची आजी, म्हणजे इथली देवी, बेट राखते, आणि बेट सोडून जाणाऱ्याचं वाटोळं करते, असं योंगदोत सगळेच म्हणतात. शहाणी माणसं आजीचा डोळा चुकवून अंधारात सामान हलवतात. ह्येरान मात्र लग्न झाल्यावर भरदुपारी टेम्पो भरून निघून गेली होती. तिचा असल्या गोष्टींवर तेव्हाही विश्वास नव्हता आणि आताही नव्हता.

चढावर तिची दमछाक झाली. आई आपली पुढे टुणटुण चाललेली. माथ्याजवळ वरून उतरणारी एक बाई आईला बघून थांबली.

"अय्या, आज लेकीला घेऊन? चाललंय ना हिचं पार्लर?" ती ह्येरानकडे वळली. "दर महिन्याला येऊन आजीला किती विनवतात हो तुमच्यासाठी!"

ह्येरान जागीच थबकली. "आई, तू दर महिन्याला हा डोंगर चढतेस?"

"तू भरदुपारी गेलीस. कुणीतरी आजीची समजूत काढायला नको?" आई माथ्यावरच्या आजीच्या खडकापुढे तांदळाच्या वड्या मांडू लागली. "मला नाही यायचं, पोरी. हेच सांगायला इथवर आणलं तुला. मी इथून हलले तर तुझ्यासाठी बोलणारं कोण उरलं?"

ह्येरानला संताप आला. इतकी वर्षं ही बाई आपल्यासाठी गुडघे झिजवत होती, आणि फोनवर नुसतं "जेवलीस का" एवढंच विचारत होती. ती खडकापुढे गुडघे टेकून बसली आणि आईलाही ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडली, "आजी! पार्लर घे! घर घे! मला माझी आई दे!"

माथ्यावरची माणसं वळून बघू लागली. आईने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"जीभ झडो तुझी!" आणि घाईघाईने शेजारी बसून ती तळहातावर तळहात घासत विनवू लागली. "हिचं ऐकू नकोस गं, आजी. अक्कल नाही पोरीला. पार्लर असू दे हिचं. घरही असू दे." ती जराशी घुटमळली. "आणि मलाही जाऊ दे. हिला मी हवी आहे गं."