उतरलेला आकडा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुडीबाबा एकेकाचा रक्ताचा अहवाल वर धरत आणि टाळ्यांचा कडकडाट होई.

"मी नाही, विज्ञान बोलतंय!" बाबा म्हणत. "चाचणीच्या सकाळी मात्र माझ्या पुडीतली पूड दुप्पट घ्या. शत्रू पडला, तर कागदावर पडलेला दिसायला नको?"

पहिल्या रांगेत घड्याळजी बसत. त्यांच्या बायकोच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती, पण गाठीमुळे रक्तात वाढणारं एक प्रथिन पुन्हा चढू लागलं. सलाईनमधली औषधं तिला सोसेनात. ओकून ओकून बाई अर्धी झाली. पूड सुरू केली आणि आकडा असा उतरला, की घड्याळजींनीच ती औषधं बंद करवली. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे तर काडी अहवालासकट आली होती.

तिचं पोट मात्र फुगत चाललं, जेवण जाईना.

"आजार बाहेर पडतोय," घड्याळजी सगळ्यांना सांगत.

पुढच्या चाचणीला प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "आकडा उतरतोय आणि तुम्ही खंगताय, असं कसं? सकाळी काय घेतलंत?"

"पूड. दुप्पट."

"आठवडाभर बंद ठेवा, मग या. आणि थोडी मला द्या."

आठवड्याने आकडा आला तो पहिल्याहून कितीतरी वर. यंत्र बिघडलंय म्हणून घड्याळजींनी हुज्जत घातली. तोवर डॉक्टरीणबाईंनी पूड तपासून घेतली होती.

"यात बायोटिन आहे. केसांसाठी विकतात ते जीवनसत्त्व, पण ढीगभर. आमचं यंत्र ते प्रथिन पकडून भांड्याला चिकटवतं आणि किती चिकटलं ते मोजतं. चिकटवायला बायोटिनच वापरतात. रक्तात आधीच त्याचा पूर असला, की सगळ्या जागा तोच अडवतो. प्रथिन धुऊन जातं, यंत्राला वाटतं नव्हतंच."

"म्हणजे काटा धरून ठेवला होता," घड्याळजी म्हणाले. "वेळ चालूच होती."

"हो. आकडा नुसता इशारा असतो. त्याच्याबरोबर माणूसही बघायचा, स्कॅनही."

स्कॅनमध्ये यकृतभर गाठी दिसल्या. औषधं परत सुरू करू, एवढंच मोठे डॉक्टर म्हणाले. बरं होण्याचं काही बोलले नाहीत. घड्याळजी जिन्यात बसून रडले. मीच बंद केली, मीच, असं म्हणत राहिले.

"मलाही ओकायचं नव्हतं हो," बायको त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "मला पुढच्या सभेला न्या."

सभेत बाबांनी तिला ओळखलं. "या ताई, आकडा सांगा!"

तिने खरा आकडा सांगितला. पूड आणि यंत्राची हकीकतही सांगितली, दम लागला तिथे थांबून. बाबा माईक घ्यायला पुढे झाले तेव्हा घड्याळजी मध्ये उभे राहिले.

"पूड बंद करा," ती लोकांना म्हणाली. "आठवड्याने रक्त पुन्हा तपासा, आणि त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारा, यांना नको. मला उशीर झालाय. तुमच्यातल्या काहींना अजून झाला नसेल."