विहिरीत टाकलेला पाव

विहिरीत फुगलेला पाव तुम्ही पाहिलाय कधी? मी पाहिला. पांढरा, लिबलिबीत, वर तवंग आणि मधे आमचे गप्पी मासे उलटे पडलेले.

हा पराक्रम माझ्या पुतण्याचा, धवलचा. विरारला राहतो, वसईच्या इतिहासावर रील करतो. मी माहेरी गेलेली बघून तो गिरीजला आमच्या घरी आला. मित्राला पाद्र्याचा काळा झगा चढवला, हातात घंटा दिली. पोर्तुगीजांच्या मिशनमधला एक दिवस म्हणे! पहाटे घंटा, प्रार्थना, पोरांची शिकवणी, मग पाद्र्यांच्या वाडीत राबणं, पुन्हा घंटा. इथवर ठीक होतं. शेवटी पाद्री आमच्या विहिरीत पाव टाकतो आणि पाणी पिणारा गाव बाटतो. ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. धवलनं तिच्याखाली लिहिलं, ‘याच विहिरीवर आमचे शेजारी बाटले.’

शेजारी म्हणजे ग्रेसी. आमचं कुंपण एक. तिच्या घरी लग्न असलं की आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून आमच्या विहिरीवर येतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. त्यानं नवरदेवाला आंघोळ घालतात. पहिली कळशी आमच्या घरच्या बाईनं भरून द्यायची, असा या दोन घरांचा रिवाज. ग्रेसीच्या नवऱ्याची, मार्कची कळशी माझ्या सासूबाईंनी भरली होती. आज त्यांच्या मुलाची, जेन्सनची मी भरणार होते.

सकाळी माहेराहून परतले, विहिरीत डोकावले आणि धवलला फोन करून बोलावून घेतला.

“काकी, कंटेंट आहे तो. लोकांना आवडतंय,” तो म्हणाला.

“लोकांचं नंतर बघू. आधी आत उतर.”

पंप लावून पाणी उपसलं, लगदा टोपलीनं काढायला लावला. मला तिथंच उलटी झाली. वास तर होताच, पण खरी शिसारी त्या पोराची आली. पाव टाकला असेल पाद्र्यानं. पण पाणी प्यालेल्या आपल्याच भावंडांना घराबाहेर कुणी काढलं? आपणच ना? ते यांच्या रीलमध्ये कधी येत नाही.

संध्याकाळपर्यंत झऱ्यांचं स्वच्छ पाणी भरलं. मी चांगलं लुगडं नेसले, काठावर रांगोळी घातली, घासलेली कळशी भरून ठेवली.

बँड आमच्या फाटकाशी आला आणि थांबलाच नाही. बायका पुढे चर्चच्या विहिरीकडे गेल्या. ग्रेसीनं तेवढं एकदा वळून पाहिलं.

मार्क मागे थांबला. “हंसाबाई, मुलीकडच्यांनी ते रील बघितलं. म्हणतात, आपल्याला बाटगे म्हणतात तिथलं पाणी नको. मी काय बोलू सांगा?”

तो गेला. धवलनं मोबाइल वर धरला.

“काकी, बँड मस्त आहे. घेऊ?”

त्याच्या नखांत अजून तो लगदा होता.

“घे,” म्हटलं. “आणि खाली खरं लिही. पाव आमच्या घरच्यानं टाकला.”

मग जेन्सनसाठी भरलेली कळशी मी केळीच्या बुंध्याशी ओतली.