ग्रहणातलं मुसळ

मी एक जुनं मुसळ आहे. मित्रांनो, मारणं हा माझा धंदा होता आणि मला त्याचा गर्व होता. बदलापूरच्या सुताराने बाभळीतून मला तासलं, टोकाला लोखंडी कडं ठोकलं आणि गोदूबाईच्या घरी दिलं. उखळात भात पडला की मी त्यावर तुटून पडत असे. टरफल फुटायचं, दाण्याच्या टोकाचा इवला अंकुर चिरडायचा. माझ्याखालून गेलेला एकही दाणा कधी उगवला नाही.

गोदूबाईचा मुलगा कमळाकर अंबरनाथच्या कारखान्यात जायचा. त्याची बायको वेणू. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नव्हतं. परसात पपईची दोन झाडं होती. गोठ्याजवळचं फळांनी लगडलेलं, विहिरीजवळच्याला नुसते फुलांचे लांब घोस. गोदूबाई त्या झाडाला आणि वेणूला एकाच तोंडाने वांझ म्हणायची. वर्षाच्या आत कूस उजवली नाही तर वेणूला कायमची माहेरी धाडायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं.

पंचावन्न सालच्या जूनमध्ये सूर्यग्रहण लागलं. न फळणाऱ्या झाडाला आमच्याकडे ग्रहणात मुसळाने मारतात. मारणारा विचारतो, "फळशील का?" झाडामागे उभा असलेला झाडाच्या वतीने म्हणतो, "फळीन." गोदूबाईने वेणूला विहिरीजवळच्या झाडामागे उभं केलं आणि मला उचललं. मी साल फोडली. पांढरा चीक उडाला.

वेणू काही "फळीन" म्हणेना. तिच्या बापाचा भोपळ्यांचा मळा होता. नरफुलाचे पराग मादीफुलाच्या कुक्षीवर टेकवतच ती लहानाची मोठी झाली होती. तिने दोन्ही झाडांची फुलं आणून सासूसमोर नखाने चिरली. विहिरीजवळच्या फुलात नुसते पुंकेसर आणि पिवळी धूळ. दुसऱ्याच्या तळाशी टपोरा अंडाशय, त्यात दाटीने बसलेली बारीक बीजांडं. धूळ त्या फुलाला पोचली तरच बीजांडाचं बी होतं आणि अंडाशयाचं फळ, असं तिने समजावलं. झाड वांझ नव्हतं, नर होतं.

गोदूबाईने मला पुन्हा उगारलं. वेणूने खोडावर हात ठेवला. तिचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. फळ न देणारा नर फुकट कशाला पोसायचा, म्हणून कमळाकरने कोयत्याच्या दोन घावांत ते झाड आडवं केलं.

लागलेली फळं उतरली. मग गोठ्याजवळच्या झाडाची नवी फुलं पिवळी पडून गळू लागली. वेणूचा पायगुण, गोदूबाई म्हणाली. डिसेंबरात पुन्हा ग्रहण आलं, वेणू पुन्हा झाडामागे, मी पुन्हा हवेत.

"फळशील का?"

"माझा नर तुमीच तोडलाव," मागून वेणू म्हणाली. "आता कशी फळू?"

गोदूबाई मारत सुटली. झाड मोडून पडलं तेव्हाच तिचे हात थांबले. संध्याकाळी वेणूला माहेरी धाडलं. तिचं मनगट वाकडंच राहिलं होतं.

मित्रांनो, झाडावर हात उचलण्याआधी त्याचं एक फूल उघडून बघा. मी दोन झाडांना मारलं, एका बाईला मारलं. कमळाकरला मात्र त्या घरात कुणी कधी विचारलं नाही, तू फळशील का म्हणून.